बजावणी

सत्तावीस वर्षं बेलिफी केली परभणीला.
ट्रॅक्टर आणले, पिठाच्या गिरण्या आणल्या,
मानवतला एकदा छताचा पंखा उतरवला,
पाती अजून फिरत होती.
दोन पंच, लाखेचं सील, सही नाहीतर अंगठा.
वस्तू विचारत नाही
कुठं नेऊन राहिलात म्हणून.

हा कागद वेगळा होता.
दुसऱ्या व चौथ्या शनिवारी, अकरा ते पाच,
अज्ञान अक्षदा, वय वर्षे सात,
हिला अर्जदार आईच्या स्वाधीन करावे.
कायद्यात लेकराला अज्ञान म्हणतात.

पहिल्या खेपेला पूर्णेत उतरलो तर दाराला कुलूप.
शेजारीण ज्वारी पाखडत होती,
म्हणाली, नांदेडला गेले असतील,
आणि सूप तसंच हलवत राहिली.

दुसऱ्या खेपेला ताप.
तापाचा दाखला होता, डॉक्टरचा शिक्का होता,
आणि अंगणात विटकरीच्या तुकड्यानं आखलेली लंगडीची घरं,
रेघा ताज्या.

तिसऱ्या खेपेला आत्या दारात.
"लेकराचंच मन न्हाई, तुमीच इचारा."
दाराआडून आवाज आला,
पाढा म्हणावा तसा, एका दमात, कुठं न अडता:
मलाआईकडंजायचंनाही.
मी तिन्हीदा लिहिलं, बजावणी न होता परत.
ह्या ओळीचा माझ्याकडं रबरी शिक्काच आहे.

मग साहेबांनी सामनेवाल्याला दंड लावला,
पुढची पायरी दिवाणी तुरुंगाची, असं समजावलं,
आणि मला म्हणाले, महिला पोलीस न्या,
पण साध्या कपड्यात.

चौथ्या खेपेला विश्वंभर खंदारेनं स्वतः दार उघडलं.
लेकीच्या वेण्या त्यानंच घातल्या होत्या,
एक जाड, एक उंदराच्या शेपटीएवढी.
डबा दिला, रुमाल दिला.
"पाचला आणा. पाच म्हंजे पाच."
माझ्याकडं न बघता बोलला,
माझ्या हातातल्या फाईलशी बोलल्यासारखं.

त्याच्या दारापासून कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत
चाळीस-पन्नास पावलं असतील.
तेवढ्या वाटेवर ती ना आईची ना बापाची,
कोर्टाची होती.
कोर्ट म्हणजे मी, आणि घामेजलेली मॅडम,
साडीला सवय नसलेली.

खिशातून तिनं काडेपेटी काढली.
"काका, माझा दात पडला.
दात घरावर टाकायचा असतो ना,
उंदीर नवा आणून देतो.
पण कोणच्या घरावर?
पप्पाचं पत्र्याचं आहे, आईचं स्लॅबचं.
तुमच्या कागदात बघा ना."

मी बघितलं.
खरंच थांबून, चष्मा लावून, दोन्ही पानं बघितली.
सुट्ट्यांचं होतं, दिवाळीचं होतं,
शाळेच्या फीचं, आजारपणाचं होतं.

शीलवंती मारुतीच्या कठड्यावर बसलेली,
वसमतच्या हळदीच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेली,
नखं पिवळी.
मला वाटलं झडप घालील.
तिनं आधी विचारलं, सही कुठं करू,
सही केली, तारीख टाकली, वेळ टाकली,
मग लेकराला हात लावला.

पाचला सहा मिनिटं कमी असताना परत आणली.
वेण्या आता सारख्या होत्या, घट्ट, तेल लावलेल्या.
विश्वंभरनं त्या बघितल्या.
बोलला नाही काही, डबा हातात घेतला,
रिकामा आहे का, उघडून बघितलं.

पॅसेंजर दीड तास लेट.
फलाटावर बसून अहवाल लिहिला, बजावणी झाली.
शेऱ्याचा रकाना मोकळा सोडला.
मार्चअखेर मी निवृत्त.
ती सज्ञान होईस्तोवर अजून अकरा वर्षं,
वर्षाचे चोवीस शनिवार,
गुणाकार अर्धाच केला.

दार लागलं तेव्हा ती आत पळाली होती
आणि तिच्या खिशात
काडेपेटी वाजत होती.